१९१३ची यूएस ओपन : विमेटच्या विजयातून नेमकं शिकायचं काय?

हिरवळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गोल्फमध्ये 'कुणाच्या खिजगणतीत नसलेला जिंकला' म्हटलं की पहिलं नाव निघतं फ्रान्सिस विमेटचं. (स्पेलिंग बघून औमेट, ओइमे असं काहीही वाचलं जातं, उच्चार विमेट.) सप्टेंबर १९१३, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधला 'द कंट्री क्लब'. विमेट २० वर्षांचा, हौशी खेळाडू. याच क्लबात कॅडीचं (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचं) काम केलेला, घर १७व्या होलसमोर रस्त्यापलीकडे. समोर हॅरी व्हार्डन, तोवर पाच ब्रिटिश ओपन खिशात असलेला, आणि टेड रे, १९१२चा ब्रिटिश ओपन विजेता. ७२ होलनंतर तिघंही ३०४वर बरोबरीत. मग १८ होलचा प्लेऑफ : विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८.

यावरून 'स्वतःवर विश्वास ठेवा' छापाचे बोध काढले जातात, ते मला पटत नाहीत. विश्वास हरणाऱ्याकडेही असतोच की. प्लेऑफचं कार्ड होलागणिक वाचा. पहिले नऊ होल : ३८, ३८, ३८. १०वा होल पार-३. विमेटने ३ केले, त्या दोघांनी प्रत्येकी तीन पट मारून ४. बाराव्यावर विमेट ४, ते दोघं ५. तेराव्यावर व्हार्डनने एक फटका परत मिळवला. पंधराव्यावर रेने ६ लावले आणि तिथेच तो संपला. सतराव्यावर एका फटक्याने मागे असलेला व्हार्डन बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला, ५. विमेट ३. अठराव्यावर विमेट ४, व्हार्डन ६.

विमेटची खरी कमाई म्हणावी असा १७वा होल सोडला, तर बाकी सगळं अंतर समोरच्यांनी सांडलेल्या फटक्यांतून पडलंय. अशा इतर विजयांतही हेच दिसतं का? आणि यातलं मैदानाबाहेर नेण्यासारखं काय आहे?

चेंडूफळी

क्रिकेटच्या धाग्यावरून वाट चुकून आलोय. पार, बोगी वगैरे दोन ओळींत सांगा. आणि 'तीन पट' म्हणजे तिप्पट ना?

हिरवळकर

@चेंडूफळी, पट म्हणजे हिरवळीवर चेंडू लोटण्याचा फटका. प्रत्येक होलला ठरलेले फटके म्हणजे पार. एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. एक जास्त म्हणजे बोगी, दोन जास्त म्हणजे डबल बोगी. ज्याचे फटके कमी तो जिंकला.

चेंडूफळी

म्हणजे कमी धावा करणारा जिंकतो. कितीतरी संघ चुकीच्या खेळात आयुष्य घालवताहेत.

लांबपल्ला

दहाव्या होलवर दोन दिग्गजांना तीन-तीन पट का लागले, यावर सगळे 'दडपण' म्हणून पुढे जातात. तिथे जरा थांबू या.

तिसरा पट बहुतेक वेळा दिशेमुळे लागत नाही, अंतरामुळे लागतो. ३० फुटांवरून दिशा चुकून किती चुकेल? दीड-दोन फूट. अंतर मात्र सहा-सात फूट सहज चुकतं. आजचे व्यावसायिक ३ फुटांवरून जवळपास सगळे पट घालतात, ८ फुटांवरून साधारण निम्मे, २० फुटांवरून सातातला एखादा. म्हणजे पहिला पट ३ फुटांत थांबला तर काम झालं, ८ फुटांवर थांबला तर छापा-काटा.

दडपणाखाली घडतं ते असं. मूठ आवळली जाते, मागचा झोका आखडतो, झोका अपुरा पडल्याचं अर्ध्या वाटेत जाणवतं आणि मग चेंडूवर झटका बसतो. पहिला पट आखूड, 'आता पोचवायचाच' म्हणून दुसरा पुढे, तिसरा कसाबसा. उपाय कंटाळवाणा आहे : झोक्याची लय तीच ठेवायची आणि अंतर झोक्याच्या लांबीने बदलायचं. २०, ३० आणि ४० फुटांवर एकेक टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचा, प्रत्येकीपासून तीन चेंडू मारा. होलमध्ये किती गेले ते मोजू नका, होलपासून ३ फुटांत किती थांबले ते मोजा. नवातले सात आले की पुरे. उतार वाचताना शेवटच्या सहा फुटांकडे जास्त लक्ष द्या, कारण चेंडू मंदावला की सगळ्यात जास्त तिथेच वळतो.

हिशेबनीस

धागाकर्त्याशी अर्धा सहमत. प्लेऑफचं कार्ड दाखवलंत, चौथ्या फेरीचं सोयीस्करपणे गाळलंत.

विमेटच्या फेऱ्या ७७, ७४, ७४, ७९. त्या शेवटच्या फेरीत पहिल्या नऊ होलचे ४३ झाले होते. मग दहाव्या पार-३ वर ५. याला सांडणं नाही म्हणायचं तर कशाला? व्हार्डन आणि रे ३०४ करून मोकळे झाले होते, त्यामुळे किती हवेत हे विमेटला कळत होतं : शेवटच्या सहा होलमध्ये पारपेक्षा दोन कमी. तेराव्यावर हिरवळीबाहेरून चिप (छोटा उचलता फटका) थेट होलमध्ये गेली. सतराव्यावर सुमारे २० फुटांचा पट पडला. (वर लांबपल्ला यांनी दिलंय, सातातला एखादा.) अठराव्यावर पार, आणि बरोबरी.

तेव्हा प्लेऑफपर्यंत पोचायला नशीब लागलं आणि प्लेऑफ जिंकायला शिस्त. दोन्हीची सरमिसळ नको. आणि गंमत बघा, चौथ्या फेरीत व्हार्डन आणि रे यांचेही ७९च होते. त्या दिवशी तिघांनीही मनसोक्त सांडलंय.

हिरवळकर

मान्य. ४३चा आकडा मी टाळला हेही मान्य. पण ४३ आणि वर ते ५ झाल्यावर त्याने पुढच्याच होलवर सगळं भरून काढायचा प्रयत्न केला नाही, हे तरी माझ्या बाजूने धरा.

हिशेबनीस

धरलं.

बंकरवासी

भरून काढायच्या नादाचं उत्तम उदाहरण २००३ची ब्रिटिश ओपन, रॉयल सेंट जॉर्जेस. बेन कर्टिस, जागतिक क्रमवारीत ३९६वा, कारकिर्दीतली पहिलीच मेजर (चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक). विमेटनंतर पदार्पणाच्या मेजरमध्येच जिंकणारा तो पहिलाच. त्याने शेवटच्या टप्प्यात स्वतः बोग्या केल्या, पण स्पर्धा पालटली ती थॉमस ब्यॉर्नच्या सोळाव्या होलवर. छोटा पार-३, टीवरून चेंडू हिरवळीलगतच्या बंकरमध्ये. बाहेर काढलेला चेंडू काठावर चढला आणि उतारावरून परत पायाशी आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बाहेर. डबल बोगी. शेवटी कर्टिस एका फटक्याने पुढे.

असं का होतं ते बघा. बंकरमधून क्लब (गोल्फची काठी) चेंडूला लागत नाही. तो चेंडूमागे दीड-दोन इंचांवर वाळूत शिरतो आणि वाळूच चेंडूला उचलते. झेंडा काठाजवळ असला की चेंडू जेमतेम काठापलीकडे टाकायचा मोह होतो. मग एकतर झोका मध्येच मंदावतो किंवा वाळू जरा जास्त घेतली जाते. दोन-तीन फुटांचा फरक पडतो आणि चेंडू उतारावरून खाली. अशा वेळी झेंडा विसरून हिरवळीच्या रुंद भागाकडे मारायचं, झोका पूर्ण करायचा आणि पुढे २०-२५ फुटांचा पट पत्करायचा. एक फटका गेला तर गेला. ब्यॉर्नचे दोन गेले, तेही आघाडी हातात असताना.

चेंडूफळी

चेंडू परत पायाशी येतो? कुत्रा आहे की गोल्फ?

रानवाट

@बंकरवासी +१. याचा थोरला भाऊ म्हणजे १९९९, कार्नूस्टी. जाँ व्हान द वेल्ड ७२व्या होलवर तीन फटक्यांनी पुढे. ६ केले तरी करंडक त्याचा. होल ४८७ यार्डांचा, भागिले तीन म्हणजे १६२. मधल्या आयर्नचे (मध्यम पल्ल्याच्या क्लबचे) तीन फटके, तीन पट, झाले ६. ओढा कुठे आडवा येतो ते बघून अंतरं थोडी कमीजास्त करावी लागतील, पण गणित बसतं.

त्याने ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढला. चेंडू उजवीकडे भरकटला, पण सुदैवाने कोरड्यात राहिला. इथे तरी वेज (आखूड पल्ल्याचा, चेंडू उंच उचलणारा क्लब) घ्यायचा! त्याने २ नंबरचं आयर्न घेतलं. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे दाट गवतात. तिथून बॅरी बर्न ओढ्यात. बूट-मोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत वर करून तो पाण्यात उतरला, बराच विचार केला, शेवटी दंडाचा फटका घेऊन चेंडू बाहेर टाकला. पाचवा बंकरमध्ये, सहावा बाहेर, सातव्याला पट पडला. (तो पट मात्र झकास होता, कुणी त्याचं नाव काढत नाही.) प्लेऑफ जिंकला पॉल लॉरी, जो त्या सकाळी दहा फटक्यांनी मागे होता आणि ६७ करून केव्हाच क्लबहाउसात येऊन बसला होता.

गंमत अशी की कमी लेखलेले दोघंही होते. एक जिंकला, एक हरला. लॉरीने ६७ केल्यानंतर त्याच्या हातात होतं ते एकच : प्लेऑफ झाला तर अंग आखडलेलं नसावं.

आगाऊ_कार्टा

पण मधल्या आयर्नचे तीन फटके मारून जिंकला असता तर या धाग्यात त्याचं नाव तरी आलं असतं का? अमर झाला की गडी.

रानवाट

हो, करंडकाऐवजी.

हिशेबनीस

सगळे 'सांभाळून खेळा' या एकाच सुरात चाललेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो. दुबळ्या बाजूने धोका पत्करायचा की नाही हे परिस्थितीवर ठरतं. हिशेब सरळ आहे : सरासरी खेळ झाला तर तुम्ही हरणार असाल, तर चढउतार वाढवणं फायद्याचं, सरासरी खेळ पुरेसा असेल, तर चढउतार कमी करायचा. फेरी जितकी छोटी तितकी दुबळ्याला संधी जास्त. तरीही विमेटने १८ होलच्या प्लेऑफमध्ये, तेही पाच फटक्यांनी जिंकणं मला ७२ होलच्या बरोबरीपेक्षा मोठं वाटतं. आता यूएस ओपनचा प्लेऑफ दोन होलच्या बेरजेवर होतो, तिथे कुणीही कुणालाही हरवू शकतं.

सांभाळून न खेळता जिंकलेला बघायचा तर वाय. ई. यांग, २००९ची पीजीए (हीही मेजर), हेझलटाइन. क्रमवारीत ११०वा. टायगर वूड्स तोवर मेजरच्या शेवटच्या दिवशी आघाडी घेऊन उतरला की जिंकायचाच, १४ पैकी १४ वेळा. यांगने चौदाव्यावर चिप थेट होलमध्ये घालून ईगल केला. अठराव्यावर एका फटक्याने पुढे असताना, २०६ यार्डांवरून हायब्रीड (लांब पल्ल्याचा क्लब) काढून झाडावरून चेंडू हिरवळीवर उतरवला आणि बर्डी केली. तो पारसाठी खेळला असता आणि वूड्सने बर्डी केली असती, तर पुन्हा प्लेऑफ.

उलट बाजू म्हणजे व्हार्डन. सतराव्यावर फक्त एकाने मागे, सरासरी खेळात विमेटपेक्षा कितीतरी सरस, तरी होलचं वळण कापायला गेला आणि कोपऱ्यावरच्या बंकरमध्ये अडकला. तो बंकर आजही व्हार्डनच्या नावाने ओळखला जातो. तिथे खरंतर धोका पत्करायची पाळी विमेटची होती. पत्करला व्हार्डनने.

लांबपल्ला

@हिशेबनीस, शेवटचा परिच्छेद वाचनखुणेत साठवला.

झोळीवाला

कॅडीबद्दल कुणीच बोलेना. विमेटची बॅग उचलणारा एडी लॉवरी १० वर्षांचा होता. प्लेऑफआधी अनुभवी कॅडी घे असं विमेटला सुचवण्यात आलं, त्याने ऐकलं नाही. दहा वर्षांचा पोरगा काय सल्ला देणार? फारसा नाहीच. चेंडूवर नजर ठेवणं त्याच्याकडे, म्हणजे विमेटला फटका मारताना मान खाली ठेवायला मोकळीक. मान लवकर उचलली की खांदे उघडतात आणि चेंडूच्या डोक्यावर क्लब लागतो, हे शिकवणीच्या पहिल्या दिवशी कळतं आणि शेवटच्या होलवर विसरतं.

दुसरं टोक म्हणजे १९९१ची पीजीए, क्रुकेड स्टिक. जॉन डेली राखीव यादीत नववा. निक प्राइसच्या घरी बाळ येणार म्हणून त्याने माघार घेतली, डेली रात्रभर गाडी हाकत आला, सरावाची फेरी न खेळता उतरला आणि तीन फटक्यांनी जिंकला. त्याच्यासोबत होता प्राइसचाच कॅडी, जेफ मेडलिन. डेलीने मैदान पाहिलं नव्हतं, पण मैदान पाहिलेला माणूस शेजारी होता. 'तयारीशिवाय जिंकला' म्हणणारे हा अर्धा भाग विसरतात.

चांगला कॅडी तीन आकडे देतो : हिरवळीच्या पुढच्या काठापर्यंत किती, झेंड्यापर्यंत किती, आणि मधला अडथळा ओलांडायला किती. वाऱ्याचा ढोबळ नियम असा की समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी एका मैलाला अंतर एक टक्क्याने वाढवायचं, पाठीमागून असेल तर अर्ध्या टक्क्याने कमी करायचं. १५० यार्ड आणि समोरून १० मैलांचा वारा असेल तर १६५ धरा. पाठीमागून असेल तर १४२-१४३. तेवढं सांगून गप्प बसायचं. हे तिसरं काम सगळ्यात अवघड.

आगाऊ_कार्टा

गप्प बसणारा सल्लागार? कुठे मिळतो?

छिद्रान्वेषी

उशिरा आलो. दोन आक्षेप.

एक, विमेट तितका 'कुणीच नाही' नव्हता. त्याच वर्षी तो मॅसॅच्युसेट्सचा हौशी विजेता झाला होता. अमेरिकन हौशी स्पर्धेत हरला तो जेरोम ट्रॅव्हर्सकडून, ज्याने पुढे ती स्पर्धाच जिंकली. त्यात मैदान घरासमोरचं. व्हार्डनपुढे तो दुबळा होता, कच्चा मुळीच नव्हता. 'रस्त्यावरचा पोरगा आला आणि जिंकला' ही मागाहून चढवलेली कल्हई.

दोन, आपण फक्त जिंकलेल्यांची कार्डं वाचतोय. अदिती अशोक घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रमवारीत २००वी, ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) आखूड, फेऱ्या ६७, ६६, ६८, ६८. पारपेक्षा १५ कमी. कांस्यपदक १६ कमीवर गेलं, ती चौथी. चार दिवसांत एका फटक्याचा फरक. शिस्त तीच, पटिंग जबरदस्त, पण 'यशाचे धडे' म्हणून तिचं कार्ड कुणी वाचत नाही.

हिरवळकर

दुसरा आक्षेप धाग्याच्या मुळावरच येतोय, आणि तो बरोबर आहे. मग जिंकलेला आणि चौथा आलेला या दोघांत जे समान आहे तेवढंच 'शिकण्यासारखं' धरायचं का?

छिद्रान्वेषी

हो, आणि त्याला 'आखूड मारणाऱ्यांचं गोल्फ' म्हणा. एसएसपी चौरासिया बघा. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची देखभाल करायचे, हा तिथेच बघून बघून शिकला. लांब मारणारा कधीच नव्हता. २००८ची इंडियन मास्टर्स त्याने दिल्ली गोल्फ क्लबवर दोन फटक्यांनी जिंकली. ते मैदान अरुंद, दोन्ही बाजूंना झाडोरा. ३०० यार्ड मारणाऱ्यालाही तिथे ड्रायव्हर बॅगेत ठेवावा लागतो. म्हणजे ताकदवानाचं मुख्य हत्यारच बाद.

बंकरवासी

पण त्यानेच २०१७ची इंडियन ओपन गुरुग्रामच्या डीएलएफवर सात फटक्यांनी जिंकली. गॅरी प्लेअरने आखलेलं मैदान, खोल बंकर, उंचसखल हिरवळी. तेव्हा फक्त 'मैदान सोयीचं मिळालं' एवढ्यावर भागत नाही. तिथे चेंडू कुठे पडू द्यायचा नाही हे ठरवणं जास्त कामाचं ठरलं.

छिद्रान्वेषी

हे मान्य. सात म्हणजे फारच झाले.

रानवाट

'कुठे पडू द्यायचा नाही' वरून : पडलाच तर काय, हेही सांगू या. १९५५ची यूएस ओपन, ऑलिंपिक क्लब. आयोवातल्या सार्वजनिक मैदानावरचा जॅक फ्लेक विरुद्ध बेन होगन, प्लेऑफ, शेवटचा होल, फ्लेक एकाने पुढे. होगनचा ड्राइव्ह गुडघाभर गवतात. पुढच्या दोन फटक्यांत चेंडू जेमतेम हलला. चौथ्या फटक्याला फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा). शेवटी ३० फुटांचा पट घालून ६. फ्लेक ६९, होगन ७२. त्यात फ्लेकच्या बॅगेतले क्लब होगनच्याच कंपनीचे.

दाट गवत क्लबच्या मानेला गुंडाळतं, क्लबचं तोंड बंद होतं आणि चेंडू खाली-डावीकडे जातो किंवा जागेवरच राहतो. चेंडूचा वरचा अर्धा भागही दिसत नसेल तर वेज घ्या, चेंडू थोडा मागच्या पायाकडे ठेवा, पकड घट्ट करा आणि हिरवळीकडे न मारता सगळ्यात जवळच्या फेअरवेकडे मारा. तेही जमण्यासारखं नसेल तर खेळता न येणारा चेंडू म्हणून एक फटका दंड घ्या : होलच्या जवळ न जाता दोन क्लबच्या लांबीत टाका, किंवा होल आणि चेंडूच्या रेषेत हवं तितकं मागे जा, किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा मारा. दंड खिशाला लागतो त्यापेक्षा अहंकाराला जास्त लागतो.

चेंडूफळी

चांगलं चाललंय, पण धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न राहिला. मैदानाबाहेर काय न्यायचं?

हिरवळकर

आठवण केल्याबद्दल आभार. वरचं सगळं वाचून माझी यादी आखूड झाली आहे. कार्डावर फटक्यांच्या रकान्याशेजारी एक जादा रकाना आखायचा. त्यात तीनच गोष्टींची खूण करायची : तिसरा पट, दंडाचा फटका, आणि एकाच जागेवरून दोनदा मारलेला फटका (बंकर, चिप, गवत, काहीही). फेरी संपल्यावर फक्त त्या खुणांची बेरीज. शंभरच्या आसपास खेळणाऱ्याला ही बेरीज कमी करायला नवा क्लब लागत नाही की नवा झोकाही.

आणि दुसरं, स्वतःचा पार लिहायचा. हँडिकॅप (पारपेक्षा साधारण जितके फटके जास्त लागतात तो आकडा) १८ असेल तर प्रत्येक होलचा पार एकाने वाढवून कार्डावर आधीच लिहून ठेवा. पार-४ वर ५ झाले की तुमचा पार झाला, चेहरा पाडायचं कारण नाही. तीन-तीन होलचे गट करा. एका गटात बिघडलं तर भरपाई त्याच गटात शोधायची नाही. कचेरीत, अभ्यासात हे कसं लावायचं ते ज्याचं त्याने बघावं, तिथे माझा हँडिकॅप फार जास्त आहे.

लांबपल्ला

जादा रकान्याला 'सांडलवंड' नाव द्या.

हिरवळकर

दिलं.

आगाऊ_कार्टा

त्या दहा वर्षांच्या पोराचं पुढे काय झालं?

झोळीवाला

सॅन फ्रान्सिस्कोत मोटारींचा मोठा विक्रेता झाला, भरपूर कमावलं. विमेट आयुष्यभर हौशीच राहिला. मध्ये १९१६ साली क्रीडासाहित्याच्या व्यवसायामुळे अमेरिकन संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला होता, १९१८ला परत दिला. १९५१मध्ये तो सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या गोल्फ क्लबाचा कॅप्टन झाला, पहिला अमेरिकन. खरंतर १९१३ला बॅग उचलायला एडीचा मोठा भाऊ येणार होता. शाळा बुडवताना तो पकडला गेला, एडी निसटला.

चेंडूफळी

म्हणजे शाळा बुडवणाऱ्याच्या मदतीने यूएस ओपन. हा धागा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

झोळीवाला

प्लेऑफ शनिवारी होता. त्या दिवशी बुडाली नाही. गुरुवार-शुक्रवारचं मात्र काही बोलता येत नाही.